हिरू नाखव्याची जागा

मी मूळचा सायखेड्याचा. वडील जमीन मोजणीला साखळी धरायचे, साहेब आकडा सांगणार आणि हे उन्हात टोक धरून उभे. त्यामुळे आमच्या घरात नकाशाला लय मान, कागदावर आलं म्हणजे खरं, असंच आम्ही धरून चाललो. समुद्र म्हणाल तर लग्न होईपर्यंत मी पाहिला नव्हता, आम्हाला पाणी म्हणजे गोदावरी, एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं. आणि काय सांगू तुम्हाला, त्याच माणसाने नाशकात एसीखाली बसून समुद्राचे नकाशे काढले.

ऑफिस खाजगी, नाव कशाला घ्यायचं. काम असं आलं होतं की किनाऱ्याच्या पाण्यात माणसं काय काय करतात ते नकाशावर मांडायचं, कोण कुठे मासे धरतो, जहाजं कुठून जातात, वाळू कुठून काढतात, आणि ते बघून कुठला तुकडा राखीव करून तिथली मासेमारी बंद करायची ते वरचे ठरवणार. काम वाईट नव्हतं हो. माशांना अंडी घालायला कुठेतरी निवांत जागा पाहिजेच, ते मी आजही म्हणतो. किळस येते ती त्याची नाही. मला माझी येते.

तर मला पालघरच्या बाजूला एका कोळीगावात बारा दिवसांसाठी पाठवलं. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा कागद अंथरला, रंगीत पेन्सिली ठेवल्या, म्हटलं दाखवा, कोण कुठे जातो. चेअरमनच्या स्वतःच्या तीन ट्रॉलर, तो पहिला पुढे आला, हसत हसत एक बोट ठेवलं गाळाच्या पट्ट्यावर. मग दुसऱ्याने तिथेच ठेवलं, तिसऱ्याने तिथेच. मी विचारलं, सगळे एकाच ठिकाणी कसे मावता? तर एक जण म्हणाला, सायेब, आमच्यात लय एकी आहे. सगळा हॉल हसला. नंतर कळलं, कोळी माणूस आपली माशाची जागा चारचौघांत सांगत नाही, सख्ख्या भावासमोर सांगत नाही, आणि मी गाव गोळा करून विचारत होतो. मोजणीला सगळे शेजारी बांधावर बोलवायचे असतात, तसं मी समुद्राचं केलं.

हिरू नाखवा त्या हॉलमध्ये मागे बसला होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. सत्तरीचा माणूस, लहान होडी, जाळं नाही, नुसता गळ. मी उतरलो होतो ते त्याच्या शेजारच्या खोलीत, त्याची बायको मला रोज सकाळी चहा द्यायची, आमचं जमलं. दहाव्या दिवशी तो म्हणाला, ते सगळे खोटं बोलले, तू रिकाम्या हाताने जाणार, चल तुला एक जागा दावतो, पण कोनाला बोलू नको. मी म्हटलं, नाही बोलणार. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो, कारण जागा किनारा बघून सापडते. तो मला सांगत होता, देवळाचा झेंडा त्या उंच माडाच्या डोक्यावर आला पाहिजे, आणि उजवीकडे डोंगराची खिंड पांढऱ्या खडकावर, दोन्ही एकदम जुळलं की टाक नांगर. खाली खडक. तिथली तांबोशी, शेवंड, असली महागाची मासळी, काय सांगू. म्हणाला, ही खूण माझ्या आजाची, आज जगात दोघांनाच ठाऊक, मला आणि माझ्या पुतण्याला. पुतण्या म्हणजे मेलेल्या भावाचा मुलगा, चाळिशीचा, त्याच घरात राहणारा. आता तू तिसरा, म्हणाला.

आणि मी खिशात हात घालून जीपीएसचं बटण दाबलं.

का दाबलं? सवय, असं मी बायकोला सांगितलं. सवय नव्हती. रिकाम्या हाताने नाशिकला जायची लाज वाटत होती. ऑफिसात साहेबांनी कागद बघितला, म्हणाले बारा दिवस समुद्रावर हवा खाऊन आलास काय, आणि मी तो एक ठिपका काढून दिला. साहेब खूश. त्या ठिपक्यावर पाणबुडे पाठवले, त्यांना खडकावर अंडी, पिल्लं, सगळं सापडलं. बाकी सगळे ठिपके खोटे, तिथे गाळ. मग राखीव तुकडा कुठे आखणार? बरोबर त्या ठिपक्याभोवती. आता राखीव करण्याआधी तिथे माणसाचा वापर आहे का हा रकाना भरायचा असतो. मी हिरू नाखव्याची होडी लिहिली. साहेब म्हणाले, पाचपेक्षा कमी होड्या असल्या तर वापर धरत नाहीत, खोड ते. मी खोडलं. माझ्याच हाताने लिहिलं, वापर नाही. एका हॉटेलात तो नकाशा पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या, जेवायला सुरमई होती, मी दोनदा घेतली. तेही सांगून टाकतो.

खोटं बोलणाऱ्या चेअरमनच्या ट्रॉलर आजही त्या हद्दीला खेटून तळ खरवडत फिरतात. खरं बोलला त्याची जागा गेली. गस्तीच्या बोटीने नाखव्याचे गळ जप्त केले, हे मला कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. साहेबांकडे गेलो, म्हटलं दुरुस्ती करू. ते म्हणाले, फाइल वर गेली, आता विषय संपला.

मग एका रविवारी एसटी धरली आणि गावात गेलो. नाखवा ओट्यावर बसून जाळं विणत होता, चेअरमनचं. मला बघून खूश झाला हो, बायकोला म्हणाला चहा टाक, आपला नाशिकवाला आला. मी उभ्या उभ्या सांगितलं, नाखवा, ती जागा मी दिली. त्याने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, मी त्याला घरातून काढला.

मला कळेना. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, तिने सांगितलं. दोघांनाच ठाऊक असलेली जागा सरकारला कळली, म्हणजे पुतण्यानेच विकली, असं नाखव्याने धरलं, भर गावात त्याला चोर म्हटलं, त्याचे कपडे ओट्यावर फेकले. तो आता गुजरातच्या बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. नाखवा मला शिवी देईल असं वाटत होतं, दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, तू त्याला फोन कर, तू सांग. मला तोंड नाय.

नाशकात येऊन मी फोन लावला. सात-आठ वेळा उचलला नाही, मग एकदा उचलला. मी सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, माझ्या काकाला सांगा, मी नाय बोललो हे त्याला परक्याकडून कळायला लागलं, आता मी त्याच्या मयतालाही यायचा नाय. आणि ठेवला.

हा निरोप मी दिलेला नाही. नाखवा दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करतो, लागला का रे, विचारतो. मी म्हणतो, नाही लागत, तिकडे रेंज नसते. तो म्हणतो, बरं, लावत जा, तुझं भलं होवो. बघा, आता मला गुपित राखता येतं.