सात नंबरच्या उंदराची जन्मतारीख

...नाही, पण मी म्हणते, जन्मतारीख विचारण्यात चूक काय आहे? लायब्ररीच्या फॉर्मात विचारतात, दवाखान्यात विचारतात, पण आमच्या लॅबमध्ये उंदराची जन्मतारीख विचारली तर सगळे असे बघतात, जसं काही मी त्याचं लग्न जमवायला निघालेय!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक तारा सोडतात, उंदीर चक्रव्यूहात पळतो आणि त्याच्या मेंदूत काय खुटखुट चालते ते कॉम्प्युटरवर उतरतं. दहा वर्षं उतरतंय. विषय कुठला? स्मरणशक्ती! आणि फायलींची नावं काय? 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची', 'शेवटची खरी', आणि एक नुसतीच 'ही'. ही म्हणजे कुठली हो? सरांना विचारलं, तर सर म्हणाले, "लिहायचं काय त्यात? लक्षात आहे की!"

आता मला सांगा, मी का एवढी जिवावर उदार झाले? कारण माझा पेपर मंजूर झाला, पण अट घातली जर्नलवाल्यांनी. सगळी रेकॉर्डिंग्ज स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये द्या, म्हणजे दुसऱ्या कुणालाही वाचता येतील. शुक्रवारपर्यंत! पेपर नाही तर पीएचडी नाही, आणि पीएचडी नाही तर आत्या आहेच फोनवर, "अगं, पाच वर्षं झाली, अजून उंदरांतच का?"

आणि तो फॉरमॅट म्हणजे खाष्ट सासू! उंदीर कुठला? नर की मादी? तार मेंदूच्या डाव्या बाजूला की उजव्या? रेकॉर्डिंग किती वाजता सुरू केलं? एक रकाना रिकामा ठेवा, की लाल अक्षरं! म्हणून ज्यानं ही रेकॉर्डिंग्ज केली त्या सीनियरला फोन लावला. तो आता कंपनीत साहेब झालाय. म्हटलं, "दादा, डावी की उजवी?" तर तो, "अगं, खिडकीकडची!" खिडकीकडची?! उंदीर तोंड कुठे करून बसला होता, दादा? "ते काय, लक्षात आहे की... म्हणजे, होतं..."

तरी रडतखडत सगळं भरलं. राहिला सात नंबर. माझा लाडका सात नंबर! अहो, सगळा पेपर त्याच्यावर उभा. एकदा चक्रव्यूह शिकला आणि चौदा महिन्यांनी परत सोडला, तर त्याच वळणावर त्याच्या मेंदूत तीच खुटखुट! आठवण चौदा महिने टिकते! माझा शोध! पिंजऱ्यावरच्या जुन्या चिठ्ठीतली जन्मतारीख भरली, दाबलं बटण... लाल. 'वय तपासा. पाच वर्षं दोन महिने.' उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं! सरांना दाखवलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "काटक असेल."

काटक!

शेवटी पिंजरेवाल्या काकांकडे गेले. सगळ्या इमारतीत नोंद ठेवणारा हा एकच माणूस. वही, आखलेली, शाईनं लिहिलेली. काका म्हणाले, "सात नंबर? कुठला सात नंबर, ताई? सात नंबर म्हणजे पिंजरा. एक गेला की दुसरा ठेवायचा. तीन झाले की."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे शिकला एक, आणि चौदा महिन्यांनी पळाला भलताच! "काका, मग त्याला ते वळण आठवलं कसं?" काका म्हणाले, "आठवायचं काय त्यात? तिथंच भिंतीपलीकडे दाण्यांचा डबा असतो. वास येतो." "मग सांगितलं का नाही कुणाला?" "कुणी विचारलंच नाही."

अहो, भडभडून आलं मला. पाच वर्षं एका डब्याच्या वासावर काढली मी! सरांना सांगितलं, तर म्हणतात कसे, "अरे हो, पिंजऱ्याचे नंबर. लक्षात होतं माझ्या!"

मग काय करता? बसले. एका सात नंबरचे तीन उंदीर केले, काकांच्या वहीतून तिघांना तीन जन्मतारखा दिल्या, पेपर मागे घेतला आणि बटण दाबलं. हिरवी खूण! एकही चूक नाही! सगळी लॅब धावत आली, सरांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांतली आमची पहिली बिनचूक फाईल आहे हो ती. बघा, कुणीही उघडून बघा... आत सगळं आहे, शोध तेवढा नाही.