जास्तीचं पान

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात विश्वंभरराव एकटेच आले होते. औषध घातल्यामुळे समोरचं सगळं धूसर, म्हणून शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ते मागच्या दोघींचं बोलणं ऐकत बसले.

“अहल्यामावशी, परदेशी पाहुणे अजून येतात तुमच्याकडे जेवायला?”

“येतात की! एकाच ताटात आपली आमटी, इथला हांडवो आणि वर श्रीखंड. एका देशात इतक्या चवी कशा, म्हणून चकित होतात बिचारे. पण मोहना, पहिल्याच खेपेला मी घोटाळा केला.”

“कसला?”

“माणसं चार आणि पानं मांडली पाच. तुझे काका गेले, तरी हाताची सवय जाईना. एका मुलीने विचारलं, हे पान कुणाचं? मी बाई दिलं ठोकून. म्हटलं, आमच्याकडे रीतच आहे, येणाऱ्यासाठी एक पान जास्तीचं वाढायची.”

“अशी कुठे रीत आहे आपल्यात?”

“नाहीच मुळी! पण त्या मुलीने परवा फोटो पाठवला. तिकडे फ्रान्समध्ये तिनेही टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलंय. खाली लिहिलंय, ही भारताची रीत.”

“कमाल झाली! आज आहेत का पाहुणे?”

“छे गं, बडोद्याच्या या उन्हात कोण येतंय? आता दिवाळीनंतरच.”

“म्हणजे तोवर एकटीचंच पान.”

“नाही गं. दोन.”



“काका, अहीं कोई बेठुं छे?” कोणीतरी खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं.

विश्वंभररावांनी पिशवीवर हात ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “येतीलच एवढ्यात.”