एक नंबर दाबा

शेवट वळखून दाखव, माझा चहा तुझा. राहुरीत पयलं नेट आलं तवाची गोष्ट. त्यात एका पानावर लोकं इनोद टाकायची, आन बाकीची एक ते दहातला आकडा दाबून मत द्यायची. मी एक इनोद टाकला, नाम्या टेलरनं एक. पैज लागली, ज्याचा खाली ऱ्हाईल त्यानं मिशी काढायची.

मी गुपचूप स्टँडवरची दहा-बारा मानसं नेटच्या दुकानात नेली. म्हनलं, "माझ्याला एक दाबा, एक नंबर! नाम्याच्याला दहा, त्यो बदमाश हायेच दहा नंबरी."

आठ दिसांनी नेटवाला सुभाष म्हनला, "तात्या, नाम्या सगळ्यात वर. तुमी सगळ्यात खाली."

"आसं कसं?"

"आवो, हितं दहा म्हंजी भारी, एक म्हंजी भिकार."

आता तूच सांग, भेळ एक नंबर आसती, बैल एक नंबर आसतो. दहा नंबर भेळ कुनी खाल्ली का कदी? आक्खा तालुका येडा, आन ह्ये नेटवालेच शाने व्हय? पर नाम्या वस्तरा घिऊनच आल्ता.

तीस वर्सांची मिशी घालवून घरी गेलो, तर बायको दारातच म्हनली, "मालक घरी न्हाईत, सांच्याला या."