पाहुणा होतो तोवर फ्रीज चालला

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर चासकर साहेब, व्यासपीठावरचे सरपंच, पंचायत समितीचे पदाधिकारी, इंद्रायणी सिस्टर, आजच्या सत्कारमूर्ती सारजाबाई, थेट आहुप्यापासून आलेल्या मायबहिणींनो, आणि जेवणाच्या मंडपाकडं तोंड करून बसलेल्या तमाम मित्रांनो, सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी प्रबुद्ध. जुन्नरला माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. पत्रिकेत माझं नाव नाही, आणि ते बरोबरच आहे. आरोग्य केंद्रातल्या आयाबाईंच्या निरोपाला फ्रीजच्या मेकॅनिकचं काय काम? सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, लांबलं तर चिठ्ठी पाठवीन म्हणालेत. त्यांनी खुशाल पाठवावी, मी ती वाचून खिशात ठेवीन.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सारजाबाईंना निष्ठावान म्हटलं, कष्टाळू म्हटलं, हसतमुखही म्हटलं. पहिले दोन शब्द मला मान्य आहेत. हसतमुख म्हणणाऱ्या गृहस्थांनी मात्र बाईंनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे पाय कधी ठेवलेले दिसत नाहीत. मी ठेवले होते. तिथूनच आमची ओळख झाली.

सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट. मी सहा महिन्यांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स करून सयाजी उस्तादांच्या दुकानात नुकताच लागलो होतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, इव्हॅपोरेटर हे चार शब्द मला पाढ्यासारखे पाठ, उलटेसुद्धा. पण खरं सांगू का? गिरणीत पीठ तयार होतं तसा फ्रीजमध्ये गारवा तयार होतो, असंच मी मनातून धरून चाललो होतो. परीक्षेत कुणी तसं विचारलं नाही म्हणून पास झालो.

तर या केंद्रातला लसींचा फ्रीज बिघडला. पेटीसारखा, वरून उघडणारा. आतला काटा दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवा, तो बारावर गेला होता. रस्त्यावर दरड आलेली, जिल्ह्याचा मेकॅनिक ती निघाल्यावर येणार. बुधवारी तर लसीकरणाचा दिवस. सिस्टरांनी लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या, पण बर्फ फार तर बुधवारपर्यंत तग धरणार. त्यानंतर लसी फेकाव्या लागल्या असत्या, आणि वाड्यावाड्यांवरून पोरं कडेवर घेऊन, ओढे ओलांडून आलेल्या आया रिकाम्या परतल्या असत्या. डॉक्टरसाहेबांनी जुन्नरला फोन केला. दुकानात त्या दिवशी मोकळा माणूस मी एकटाच होतो. उस्ताद म्हणाले, जमलं तर मेकॅनिक, नाही जमलं तर उन्हाळाभर कूलरचं गवत बदलत बस.

शुक्रवारी एसटीनं दरडीपर्यंत आणि पुढं चालत मी आलो. चिखलाचे पाय घेऊन आत शिरलो, बाईंची नजर झेलली आणि फ्रीज तपासला. सगळं ठीक. गॅस ठीक, व्होल्टेज ठीक. तासाभरात काटा उतरायला लागला, संध्याकाळी सहावर आला. मी काहीच केलं नव्हतं, पण चेहरा असा ठेवला की बरंच काही केलंय. शनिवारी निरोप आला, काटा बारावर. रविवारी पुन्हा आलो. माझ्यासमोर फ्रीज पुन्हा शहाण्यासारखा चालला. मी उगाच थर्मोस्टॅट बदलला, रिले बदलला आणि गेलो. सोमवारी सकाळी निरोप, काटा बारावर. मी पुन्हा हजर.

तोवर गावात पायगुणाची चर्चा सुरू झाली होती. गावातल्या गेणभाऊंनी तर मला त्यांच्या आटलेल्या म्हशीसमोर येऊन उभं राहायला सांगितलं. डॉक्टरसाहेब शिकलेले, त्यांनी शास्त्रीय तोडगा काढला. म्हणाले, तुम्ही असता तेव्हा चालतो ना? मग बुधवारपर्यंत इथंच बसा.

आणि मी बसलो. फ्रीजसमोर स्टूल टाकून. सहा महिन्यांचा कोर्स, अडीचशे पानांची वही, आणि काम काय, तर फ्रीजला तोंड दाखवत बसायचं. येणारेजाणारे पेशंट आधी मला पाहायचे, मग डॉक्टरांना. संध्याकाळपर्यंत काटा पाचावर होता. मला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी संध्याकाळी सारजाबाईंनी मला भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. जेवल्यावर मी माझं ताट माझं मीच घासून पालथं घातलं. आमच्या आईची शिस्त, दुसरं काही नाही. बाईंनी ते पाहिलं.

मंगळवारी दुपारी हापशावरून पाणी आणताना मी चिंब भिजलो. बाई म्हणाल्या, द्या तो शर्ट, वाळवून देते. मी दिला आणि बनियनवर स्टुलावर येऊन बसलो. तीनच्या सुमाराला काटा आठावर. मग नऊवर. माझ्या डोळ्यांदेखत! मी उठलो आणि काटा चढत असताना पहिल्यांदाच त्या फ्रीजच्या मागं वाकून पाहिलं.

मित्रहो, फ्रीजच्या मागं एक काळी जाळी असते. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. तिला वारा लागला नाही, तर यंत्र कितीही धावलं तरी आत गार होत नाही. त्या जाळीवर बाळंतिणींच्या खोलीतली सात दुपटी, चार लंगोट, एक कुंची आणि माझा शर्ट, असं सगळं दाटीवाटीनं वाळत होतं.

मी विचारलं, बाई, हे रोज घालता? तर म्हणाल्या, "रोजच की. पंधरा दिस झालं, ऊन न्हाई. वलं दुपटं बाळाला गुंडाळू का? तुमी आला की काढून ठिवायचे. पावण्यासमोर लंगोट बरं दिसत न्हाईत. पर आता तुमी ताट घासलं, घरचंच झालात. घरच्या माणसापुढं कशाला आवरायचं?"

म्हणजे मी पाहुणा होतो तोवर फ्रीज चालला. घरचा झालो आणि बिघडला.

मी त्यांना विचारलं, मागं ऊब असते हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाई म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? आत चूल न्हाई, मंग ही ऊब येती कुठनं? आतलीच काढून भाईर टाकीत आसंल. आतलं ऊन काढलं की गारच उरतंय."

सभागृहात प्राध्यापक मंडळी आहेत, त्यांनी मला सांगावं, यापेक्षा सोपं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? गारवा तयार होत नाही, उष्णता काढावी लागते. माझ्या वहीत हे पहिल्याच पानावर होतं. मला ते चौथ्या लंगोटाला कळलं.

कपडे काढले. संध्याकाळी काटा पाचावर, लसी परत आत. बुधवारी अडतीस पोरांना टोचलं. त्यातली काही आज वाढप्यांचं काम करताहेत, असं कानावर आलंय. मी जाण्याआधी जाळीपासून वीतभर लांब तारेची एक दांडी ठोकून दिली. यंत्राला वारा मिळाला आणि दुपट्यांना ऊब.

आता थोडं अवघड सांगायचंय. साहेब, आपण रागावू नये. काम झाल्यावर मला अहवाल लिहून द्यायचा होता, त्यात बिघाडाचं कारण. बाई तेव्हा नऊ वर्षं रोजंदारीवर होत्या आणि त्याच महिन्यात त्यांची कायम होण्याची फाईल पुण्याला गेली होती. एक मेमो गेला असता तर ती फाईल तिथंच बसली असती. बाईंनी मला काही विनवलं नाही. दाराशी उभ्या राहून पदराची कड चाचपत होत्या, एवढंच. मला फार वाईट वाटलं. मी लिहिलं, 'यंत्राच्या मागील जाळीवर मेकॅनिकचा ओला शर्ट वाळत घातलेला आढळला.' यात एक शब्द खोटा नाही.

साहेबांनी मला व्हरांड्यात उभं करून अर्धा तास झाडलं. शुक्रवारी मी येण्याआधी काटा बारावर गेला तेव्हा हा शर्ट कुठं होता, हे रागाच्या भरात त्यांनी विचारलंच नाही. उस्तादांना पत्र गेलं. मी पुढचा अख्खा उन्हाळा कूलरचं गवत बदललं. गेली बारा वर्षं साहेब प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात त्या बेजबाबदार मेकॅनिकचा किस्सा सांगतात. दोनदा मी स्वतः मागच्या रांगेत बसून ऐकलाय, आणि साहेब, आपण रंगवता छान.

चिठ्ठी आली आहे. आवरतो. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण जेवण थांबवून ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. डॉक्टरसाहेबांची मी हात जोडून क्षमा मागतो.

सारजाबाईंनी काल मला बजावलं होतं, काय बी बोला, पर ते लंगोटाचं सांगू नका. मी हो म्हणालो होतो. त्यांची क्षमा मात्र मी मागणार नाही. न सांगता खाली बसलो असतो, तर तुम्ही सगळे घरी जाऊन म्हणाला असता की सारजाबाई इथं झाडलोट करायच्या. मला माझा धंदा त्यांनी शिकवला.