सातव्या महिन्यातली ओटी

तळेगावच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत माझ्या पुढं सासू-सून बसल्या होत्या.

“डाक्टरीन काय म्हनली, राजेश्वरी?”

“गर्भपिशवीची भिंत सुजलीय, आत्या. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. बाळ दिवस भरायच्या आधीच येऊ शकतं. माहेरी जाऊ नको, दवाखान्याजवळच राहा म्हणाल्या.”

“आन् सातव्यातली ओटी? हिरव्या बांगड्या आणून ठिवल्यात मी.”

“सातवा लागू तर दे.”

“पाळीत लोळायचीस, ती ह्या सुजेनंच?”

“हो.”

“मीबी लोळायची गं. दोन लेकरं सातव्यातच गेली, ओटी भरल्यावर.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डाक्टर कुटला? घरचे म्हनले, दृष्ट लागली.”

“आत्या, रडू नका.”

“बांगड्या ऱ्हाऊ दे. लेकरू रडलेलं ऐकू, मंगच भरू.”