मस्कतची नात

खांदा कॉलनीतल्या केबलच्या ऑफिसात रिया रांगेत होती. पुढे मैनामावशी मोबाईलवर घरी नवऱ्याशी बोलत होत्या, काउंटरवर हेतल होती.

"मस्कतची नात कंप्युटरवर दिसते, पन हलत नाय. फोटोच जसा!"

"मावशी, वायरीला टीव्ही आणि नेट वेगळं करणारी दोन फाट्यांची डबी आहे?"

"अवो, डबी हाय का बघा... हाय म्हनतात."

"ती काढून वायर सरळ मोडेमला लावायला सांगा."

"टीव्ही बंद पडंल म्हनतात. मॅच चाललीय."

"मॅच हवी की नात, विचारा."

"लावली! अवो, बोला की... रडताय कशाला?"

"काय झालं, मावशी?"

"हलली! आजोबाला बघून टाळ्या वाजवते! रिक्षा कुठं मिळंल गं?"

"मावशी, माझ्या स्कूटीवर बसा," रिया रांग सोडून म्हणाली.