बाबांनी जावयाचे केस कापले

हॅलो?… हो, मीच. अगं ताई, रडत नाहीये, हसतेय!… नाही गं, सगळे ठणठणीत आहेत. तू आधी बस कुठेतरी. बसलीस?… बाबांनी आज केस कापले.

…स्वतःचे नाही! आमच्या ह्यांचे!… हो, हो… उजव्या हातानेच!… ओरडू नकोस, कान फुटला माझा.

सगळं सांगते, पण मधे बोलायचं नाही… बघ, बोललीसच.

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाचं आठवतं ना? ‘कात्री धरणाऱ्याचा हात गेला, मग उरलं काय?’ म्हणाले, आणि दुकानाला कुलूप. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून.

मग त्या व्यायामवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, ‘आजोबा, दुकानाचं राहू द्या. सध्या फक्त चमचा. जमला की घरात सगळ्यांनी आनंद करायचा.’… हो ना, केवढे भडकले! ‘चमचा उचलला म्हणून टाळ्या पिटणार? मी काय तान्हं बाळ आहे?’… पण आई ऐकते होय! पहिला घास अर्धा तोंडात, अर्धा सदऱ्यावर… तरी हिने झाकणावर पळी बडवली! शेजारच्या काकू धावत आल्या, आग लागली की काय म्हणून!

मग सदऱ्याचं बटण. अगदी गळ्याशी असतं ना, ते. घामाघूम व्हायचे, पण कुणी पुढे झालं की ‘हात लावू नका!’… जमलं त्या दिवशी उकाड्यात गळ्यापर्यंत बटण लावून बसले… अगं, झोपलेसुद्धा तसेच!

मग कात्री. आधी रद्दी कापली. रद्दी संपली, तर आईच्या पलंगपोसाच्या झालरी!… नाही, चक्क नाही ओरडली. उलट दुसऱ्या बाजूच्याही कापा म्हणाली, सारखं दिसेल.

…ऐक ना, खरी गंमत पुढेच आहे. एवढं जमत होतं, पण मनातून धसका गेलाच नव्हता. गेल्या रविवारी एका माणसाला शब्द देऊन मोकळे… दुकानातली खुर्ची घेऊन जा म्हणून… तुला नाही सांगितलं, तू रडली असतीस… मी? मी रडलेच.

तो माणूस आज सकाळी येणार होता. बाबा खुर्ची पुसायला गेले. मागोमाग हे. आणि सरळ खुर्चीत बसले! गळ्याभोवती कापड घेतलं आणि म्हणाले, ‘बाबा, खुर्ची जाण्याआधी एकदा माझे केस कापा.’

…हो गं, हेच! वाऱ्याने भांग विस्कटेल म्हणून खिडकी न उघडणारा माणूस!

बाबा म्हणाले, ‘कान कापला जाईल.’ तर हे म्हणतात, ‘दोन आहेत.’

आई नि मी दारात. बाबांनी कात्री उचलली, ताई. एकदा कात्री खालीही ठेवली. हे काही उठले नाहीत… मग परत उचलली. आधी अडखळत… कच… कच… आणि मग ती लय आली गं! आपण वरच्या खोलीत अभ्यासाला बसायचो तेव्हा ऐकू यायची ना, तीच!… हॅलो? ताई?… रड, रड. इथेही तेच झालं.

शेवटी मागे छोटा आरसा धरला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, ‘बघा साहेब, बरोबर आहे?’

…बरोबर कसलं! डावीकडे जिने झालेत जिने! पण हे म्हणाले, ‘एक नंबर.’ आणि तसेच गेले कामावर. कुणाला हात लावू देणार नाही म्हणतात.

…खुर्चीवाला? आला ना, टेम्पो घेऊन. बाबा म्हणाले, ‘खुर्ची द्यायची नाही. आलाच आहात तर बसा, केस कापून देतो.’ त्याने ह्यांच्या डोक्याकडे पाहिलं… आणि पळाला गं, टेम्पोसकट!

…आता? आता दाढी म्हणतायत!… छे, हे नाही बसणार. वस्तरा दिसला आणि सासऱ्यावरचं प्रेम आटलं. तुझ्या नवऱ्याला धाड!… अगं, हसतेस काय, खरंच धाड!

थांब, बाबाच आले. तुझ्याशी बोलायचंय… बाबा, मी धरते ना फोन… बरं, बरं! उजव्या हातात घ्या. घट्ट… धरलाय गं ताई, एकट्याने! बोल तू… अहो बाबा, अंगठा! अंगठा काढा, लाल बटण दा—